मोजून मापून कविता

नामदेवांच्या नावावर गाथेत एक अभंग सापडतो. त्यात पंढरीची वाट नाही की विठ्ठलाशी भांडण नाही. आहे तो अक्षरांचा हिशेब. अभंगाची कला आपल्याला ठाऊक नव्हती, देवानेच स्वप्नात येऊन ती दिली, असे सांगून कवी लगेच मोजणीला लागतो. चरण साडेतीन. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची अक्षरे अठरा. शेवटच्या तुकड्यापाशी आकडा बावीसवर थांबतो. आणि हे सगळे सांगितले आहे तेही सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांच्या अभंगातच. गज हातात धरून त्याच गजाची लांबी मोजावी, तसा हा प्रकार. अभंग खरोखर नामदेवांचा की मागून कोणी त्यांच्या नावावर घातलेला, हा वाद अभ्यासकांनी घालावा. छंदाचे हे गणित टाळ-मृदंगावर म्हणता येईल अशा साध्या मराठीत मांडलेले आहे, एवढे मात्र त्यातून दिसते.

शाळेत कवितेच्या मोजमापाची ओळख होते ती वेगळ्याच वाटेने. व्याकरणाच्या पेपरात 'वृत्त ओळखा' असा प्रश्न येतो. मुले ओळीवर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढतात, तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात, नाव लिहितात आणि मार्क घेतात. ही रीत संस्कृत छंदशास्त्राची. ती चुकीची नाही, पण तिने ज्ञानेश्वरीची एक ओवी मापून पाहावी. गण पडतच नाहीत. तुकोबांच्या अभंगाला लावली तरी तेच. मराठी कवितेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लाडका भाग ज्या मापात बसत नाही, तेच माप कित्येक पिढ्या कवितेचे माप म्हणून शिकवले गेले. हे कसे झाले आणि त्यावर मराठी माणसांनी काय तोड काढली, ही गोष्ट ओवीपासून सुरू होते.

ओवीचा फार जुना उल्लेख मिळतो तो 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने तो ११३०च्या सुमारास सिद्ध केला. राजाने हत्तींच्या चिकित्सेपासून स्वयंपाकापर्यंत सगळे त्यात घातले आहे, आणि गाण्याच्या प्रकरणात, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंदही केली आहे. पुढे शंभरेक वर्षांनी देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातही ओवी आहे, प्रासाने बांधलेला गाण्याचा एक प्रकार म्हणून. दोन्ही पंडितांनी ओवीला काव्याच्या खात्यात घातले नाही, गाण्याच्या खात्यात घातले. दोघांचे कान शाबूत होते म्हणायचे.

मग १२९० साली ज्ञानेश्वरी आली आणि हाच गाण्याचा प्रकार नऊ हजारांच्या आसपास ओव्यांच्या ग्रंथाला पुरून उरला. रचना दिसायला सोपी. पहिले तीन चरण यमकाने जुळलेले, चौथा आखूड आणि बहुधा यमकावाचून. अक्षरांची संख्या ठरीव नाही. पाच अक्षरांचा चरण येतो, आठांचाही येतो. पण एखाददुसरी ओवी मोठ्याने वाचून पाहिली की बांधणीतली हुशारी कळते. एक, दोन, तीन असे यमक लागोपाठ आदळते आणि कान चौथ्याची वाट पाहू लागतो. तिथे चरण आखडतो, यमक येतच नाही, आणि वाक्य बोलण्याच्या सुरात खाली उतरते. गाणे आणि बोलणे यांची सांधणी नेमकी त्या चौथ्या चरणात आहे. तत्त्वज्ञान सांगायचे, दृष्टांत द्यायचे, श्रोत्याशी मधूनच दोन शब्द बोलायचे, तर कवीला असा दरवाजा लागतो. प्रत्येक चरण जुळवणाऱ्या छंदात अठरा अध्याय बोलत राहणे अवघड होते.

ज्ञानेश्वरांना आपण काय केले आहे याची जाणीव होती. अठराव्या अध्यायात ते ओवीविषयी सांगतात की ती गायली तर शोभतेच, आणि गाण्यावाचूनही रंग दाखवते. कांडणाच्या गाण्याला पोथीचा छंद केल्याची ही कबुली आहे. पुढे अभ्यासकांनी कंठस्थ ओवी आणि ग्रंथस्थ ओवी असा भेद केला, त्याचे मूळ इथे आहे.

ग्रंथस्थ ओवी हळूहळू सैल होत गेली. एकनाथांची ओवी ज्ञानेश्वरांपेक्षा लांब, मुक्तेश्वर आणि श्रीधर यांची त्याहून ऐसपैस. 'दासबोधा'त ७,७५१ ओव्या आहेत, आणि रामदासांची ओवी पुष्कळदा यमक लावलेल्या खणखणीत गद्यासारखी चालते. तक्रार करावी असे त्यात काही नाही. उपदेश करणाऱ्याला ती सोयीची होती.

ओवीची ही सोय ओळखणाऱ्यांत एक इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तिथेच राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी, आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. बायबलची कथा साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या गळी उतरवायची तर पुराण ज्या चालीत ऐकायची त्यांना सवय होती तीच चाल धरली पाहिजे, हे त्याने हेरले. तीन यमके आणि आखूड चौथा चरण परक्या माणसाने असा पचवावा, हे ओवीचे मोठे प्रशस्तिपत्र आहे.

अभंग हे ओवीचेच आटोपशीर रूप. मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जुळतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. बांधणीत धृपद असते आणि शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा. अभंग कुठून कुठवर आहे हे त्यामुळे न लिहिताही कळते. वारीत शेकडो जण मागून म्हणणार असतील तर कविता कुठे परत यायची आणि कुठे संपायची याची खूण ऐकूनच पटली पाहिजे. कागदावर मोजू गेले की सहाच्या जागी कधी पाच अक्षरे निघतात, कधी सात. वारकऱ्याला त्याचे काही वाटत नाही, तो एक अक्षर लांबवतो किंवा दोन अक्षरे एका ठोक्यात घेतो. अडचण होते ती फक्त संपादकाची.

पंडित कवी आले आणि माप पालटले. संस्कृत गणवृत्तांत फक्त अक्षरे मोजून भागत नाही. कोणत्या जागी लघु आणि कोणत्या जागी गुरु हेही ठरलेले असते. त्यासाठी तीन अक्षरांचे आठ गण, आणि ते लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' ही दहा अक्षरांची युक्ती. पहिल्या आठांपैकी कोणत्याही अक्षरापासून तीन उचलावीत, त्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. 'यमाता' म्हणजे लघु, गुरु, गुरु, म्हणून तो य गण. 'राजभा' म्हणजे गुरु, लघु, गुरु, तो र गण. आठही गण दहा अक्षरांत एकमेकांत गुंतवून ठेवणाऱ्या त्या अज्ञात मास्तरांना नमस्कार केला पाहिजे.

य गण चार वेळा आला की भुजंगप्रयात. 'मला आज जाणे नको रे बजारी' असे कोणी घरात सहज म्हणाले, तरी ते चोख भुजंगप्रयात आहे: म-ला-आ, ज-जा-णे, न-को-रे, ब-जा-री. त्यासाठी बाजाराचा 'बजार' करावा लागला, ही वृत्ताची किंमत. रामदासांचे मनाचे श्लोक, दोनशे पाच, याच चालीत आहेत, आणि घराघरांत लहान मुलांना ते पाठ झाले त्याचे निम्मे श्रेय या लघु-गुरु-गुरुच्या हेलकाव्याला द्यायला हरकत नाही. शार्दूलविक्रीडित तर लग्नाला गेलेल्या प्रत्येकाच्या कानात आहे. मंगलाष्टके म्हणतात ती बहुतेक याच एकोणीस अक्षरी वृत्तात. बाराव्या अक्षरावर भटजी श्वास घेतात, त्या थांब्याला यती म्हणतात, हे अक्षता हातात धरून उभ्या असलेल्यांना माहीत नसते, पण चाल चुकली तर त्यांनाही खटकते.

गंमत अशी की मराठी कवींनी वृत्ते संस्कृतातून उचलली, पण ती जशीच्या तशी ठेवली नाहीत. संस्कृत श्लोकाला ओळीच्या शेवटी यमक लागत नाही. कालिदासाचे त्यावाचून काही अडले नाही. मराठी श्लोकाला मात्र ते लागतेच लागते, कारण ऐकणाऱ्याचा कान ओवी-अभंगाने आधीच घडवलेला होता. वामनपंडितांना तर 'यमक्या वामन' असे नाव पडले. याच वामनांनी गीतेवर 'यथार्थदीपिका' ही प्रचंड टीका लिहिली ती मात्र ओवीत. म्हणजे मिरवायचे तेव्हा श्लोक आणि समजावून सांगायचे तेव्हा ओवी, ही वाटणी त्यांनाही मान्य होती.

मोरोपंतांनी मोजमापाचा खेळ टोकाला नेला. पराडकर घराण्यातला हा कवी १७२९ साली पन्हाळ्याला जन्मला आणि पुढे बारामतीत स्थिरावला. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे मानले जाते आणि त्यांतल्या अनेकांत रचनेची एकेक अट आहे. 'निरोष्ठ रामायणा'त ओठांना ओठ लावून उच्चारायचे एकही अक्षर नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता 'राम' या नावातच म आहे. रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे, अशी ही पैज! काव्य म्हणून तिचे मोल काय यावर मतभेद होतील, पण भाषेवरची पकड पाहून कोणीही मान डोलवावी. 'केकावली'त त्यांनी पृथ्वी हे अवघड वृत्त घेतले आणि तिथे मात्र कसरतीपेक्षा कळवळा वरचढ ठरला.

मोरोपंत आणि आर्या हे समीकरण मराठीत एका दोन ओळींच्या पद्याने कायमचे झाले. श्लोक वामनाचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानेश्वरांची आणि आर्या मोरोपंतांची, अशी चौघांना चार छंदांची जहागीर वाटून देणारे हे पद्य अजून भाषणांतून ऐकू येते. आर्या मोजतात मात्रांनी. लघुची एक मात्रा, गुरुच्या दोन. खऱ्या आर्येचे माप बारा, अठरा, बारा, पंधरा. आता त्या प्रसिद्ध पद्याच्याच मात्रा बोटांवर मोजून पाहाव्यात. पहिल्या चरणात बारा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात बारा आणि चौथ्यात पुन्हा अठरा भरतात. शास्त्राप्रमाणे ही आर्या नव्हे, गीती झाली. आणि मोरोपंतांच्या म्हणून ज्या हजारो आर्या प्रसिद्ध आहेत, त्याही बहुतेक गीतीच आहेत. पंधरा मात्रांचा लंगडा शेवट मराठी कानाला रुचला नसावा. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या झाल्या की यमकही नीट समोरासमोर येते. लोकांनी नाव जुने ठेवले आणि वस्तू बदलून घेतली.

इंग्रजी अमदानीत हे सगळे छापखान्यात आणि शाळेत आले. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा जुन्या कवितेचा निवडक संग्रह काढला आणि मराठी शिकलेल्या अनेक पिढ्यांनी मोरोपंत, वामन, मुक्तेश्वर वाचले ते त्यातून. वृत्तांची ओळख करून देणारे त्यांचे 'वृत्तदर्पण' विद्यार्थ्यांच्या हाती दीर्घकाळ राहिले. परीक्षा घ्यायला गणवृत्त फार सोयीचे. उत्तर एकच, बरोबर किंवा चूक. ओवीवर असा प्रश्न काढता येत नाही. छंदशास्त्र म्हणजे गण पाडणे हे समीकरण रूढ व्हायला ही सोयही कारणीभूत झाली असणार.

रंगभूमीवर वारे वेगळे होते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि साकी, दिंडी, कामदा या चाली प्रेक्षकांच्या तोंडी बसल्या. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा, नऊवर थांबा. प्रेक्षक मात्रा मोजत नव्हते, नाटक सुटल्यावर गुणगुणत घरी जात होते.

केशवसुतांनी १८९२मध्ये सुनीत मराठीत आणले. ते त्याला 'चतुर्दशक' म्हणत. चौदा ओळींचा हा परदेशी साचा त्यांनी शार्दूलविक्रीडितात बसवला आणि पुढे मराठी सुनीत म्हटले की तेच वृत्त, असा संकेत पडला. इंग्रजी सुनीताची दहा अक्षरी ओळ कुठे आणि एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडित कुठे! पण त्या लांब ओळीत विचाराला फिरायला जागा मिळते आणि शेवटच्या ओळींत कलाटणीही घेता येते. दुसरीकडे एकनाथ पांडुरंग रेंदाळकर यांनी निर्यमक कवितेचा पाठपुरावा केला, तेव्हा ते बंडखोर ठरले. संस्कृतात जे नेहमीचे होते ते मराठीत बंड झाले. यमकाची गाठ किती घट्ट बसली होती, हे यावरून समजावे.

अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ची. त्या विडंबनांना हशा मिळाला तो वाचकांच्या कानात मूळ कवितांची चाल पक्की होती म्हणून. रविकिरण मंडळाचे यशवंत, गिरीश हे कवी सभांतून कविता गाऊन दाखवत, लोक गर्दी करत आणि ऐकता ऐकता त्यांना चाली पाठ होत. चाल तीच, शब्द भलतेच, यातच विडंबनाचा फटाका असतो. छंद सर्वांना ठाऊक नसता तर अत्र्यांची वात पेटलीच नसती.

याच मंडळात माधव ज्यूलियन या नावाने लिहिणारे माधवराव पटवर्धन होते. बडोद्यात १८९४ साली जन्मलेला हा कवी पेशाने फारसीचा प्राध्यापक, आधी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. त्यांनी १९२७मध्ये 'छंदोरचना' प्रसिद्ध केली, दहा वर्षे तिच्यावर राबून १९३७मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती काढली, आणि त्या कामाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. १९३९मध्ये ते गेले. वय पंचेचाळीस.

पटवर्धनांनी केले काय? त्यांनी कपाट नव्याने लावले. मराठी पद्याचे तीन कप्पे पाडले. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल ते वृत्त. क्रम मोकळा, पण मात्रांची आवर्तने ठरलेली असतील ती जाती. आणि लघु-गुरु भेदच जिथे गळून पडतो, फक्त अक्षरांची संख्या उरते, तो छंद. ओवी आणि अभंग या तिसऱ्या कप्प्यात. तिथे प्रत्येक अक्षर गुरूसारखे लांबवून म्हटले जाते, असे त्यांचे म्हणणे. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगाच्या आरंभावरून त्यांनी सहा-सहा-सहा-चार या मापाला 'देवद्वार' हे नाव दिले. शाळेच्या तराजूत न बसणाऱ्या वस्तूला पहिल्यांदाच स्वतःचे खाते मिळाले.

जातींची त्यांची विभागणी तर संगीतकाराला शोभावी अशी आहे. आवर्तन किती मात्रांचे यावरून चार घराणी: पाच मात्रांची हरावर्तनी, सहांची भृंगावर्तनी, सातांची अग्न्यावर्तनी, आठांची पद्मावर्तनी. शंकराची पाच मुखे, भुंग्याचे सहा पाय, अग्नीच्या सात जिभा, कमळाच्या आठ पाकळ्या. नावातच आकडा ठेवायची ही जुनी युक्ती. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता पद्मावर्तनी चालीची. गण पाडून तिच्यापर्यंत कधीच पोचता येत नाही, पण आठ-आठ मात्रांवर बोट टेकत गेले की ओळ अलगद उलगडते.

आणखी एक काम त्यांनी केले, ते फारसीच्या प्राध्यापकालाच जमावे असे. गझलेची फारसी वृत्ते त्यांनी लगक्रमात, म्हणजे लघुला ल आणि गुरूला गा असे मांडून, लिहून काढली आणि त्यांना मराठी नावे दिली. फारसीत ज्याला 'फाइलातुन' म्हणतात ते मराठीत गालगागा. 'पावसाचे' हा शब्द म्हणून पाहावा, तो नेमका गालगागा आहे. हा गट तीनदा घेऊन शेवटी गालगा लावला की झाली देवप्रिया. १९३३च्या 'गज्जलांजली'त या वृत्तांचा मुक्त वापर आहे. फारसी-मराठी कोश करणारा हाच माणूस पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला आणि त्याने १९३८मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. इराणातली वृत्ते मराठीत देवप्रिया, व्योमगंगा, मंजुघोषा या सोवळ्या नावांनी वावरतात, यामागे हा स्वभाव असावा.

पटवर्धनांचे सगळे म्हणणे टिकले असे नाही. अभंगातले प्रत्येक अक्षर खरेच दोन मात्रांचे असते का? ना. ग. जोशी यांनी १९५५च्या 'मराठी छंदोरचना' या ग्रंथात लयीच्या अंगाने सगळ्याच प्रश्नाचा पुनर्विचार केला. भजनी मंडळात बसणाऱ्यालाही शंका येतेच: ठेका बदलला की तेच अक्षर कधी आखूड होते, कधी लांब. तरीही, हा वाद घालायला लागणारी भाषा पटवर्धनांनी दिली. त्यांच्याआधी वाद घालायचा तर शब्दच नव्हते.

मोजमापाची आणखी एक कचाट्यात सापडलेली जागा म्हणजे शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये मान्य झाले आणि शब्दाच्या शेवटचे, तसेच अकारान्त मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचे इकार-उकार दीर्घ लिहायचे ठरले. गद्याला त्रास नाही. पद्यात ऱ्हस्वाचा दीर्घ झाला की एक मात्रा वाढते. 'पाउस आला' यात आठ मात्रा आहेत. कोणी ते सुधारून 'पाऊस आला' केले की नऊ होतात आणि आवर्तनाला ठेच लागते. म्हणूनच नियमांत कवीला वृत्तापुरती ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक ठेवली आहे, आणि केशवसुतांच्या पूर्वीची कविता मुळाप्रमाणेच छापावी असेही म्हटले आहे. केशवसुत आणि त्यांच्या नंतरच्यांनी मात्र नव्या नियमांखाली यायचे. त्यामुळे जुन्या कवितेच्या नव्या आवृत्तीत ओळ अडखळली, तर दोष कवीला देण्याआधी एखादी जुनी प्रत पाहून घेतलेली बरी. कितीदा तरी चूक मुद्रितशोधकाच्या शुद्धतेची असते.

कवी अनिलांनी १९३०नंतर मुक्तछंद रुजवला. १९४०ची 'भग्नमूर्ति' हे त्यातले दीर्घकाव्य. मुक्त म्हणजे बेहिशेबी, असा तेव्हा अनेकांचा समज झाला. पण अनिलच पुढे दहा ओळींच्या 'दशपदी'च्या बंधात शिरले आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मर्ढेकरांच्या १९४७च्या 'काही कविता' वाचून लोक हादरले ते प्रतिमांनी. त्यांची माध्यमे मात्र ओवी आणि अभंग. यंत्रयुगातली मुंबई अभंगात सांगितली की अभंगाच्या श्रद्धेची आठवण आणि समोरची घाण एकमेकींवर घासतात. त्या घर्षणात कवितेचा निम्मा अर्थ आहे. छंद ओळखता न येणाऱ्याच्या हाती उरलेला निम्माच लागतो. विंदा करंदीकरांनीही 'मुक्तसुनीत' आणि 'तालचित्रे' लिहून नावातच नियम आणि मोकळीक यांची लग्ने लावली.

गझलेला लोकांत नेले ते सुरेश भटांनी. त्यांची 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका नवोदितांच्या हाती फिरत राहिली. वृत्त सांभाळायचे, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यापुढे तसाच परत येणारा शब्द, हे दोन्ही सांभाळायचे, काफियाच्या आधीचा स्वरही सांभाळायचा, आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. माधव ज्यूलियनांच्या बऱ्याच गझला एकाच विषयावर सलग चालतात, भटांनी शेराच्या स्वातंत्र्यावर भर दिला. आजचे तरुण गझलकार रचनेखाली लगावली लिहून टाकतात: गालगागा गालगागा गालगागा गालगा. ज्यूलियनांचे नाव त्यांच्यापैकी कितींना आठवते कोण जाणे, पण त्यांची खूण मात्र ते रोज वापरतात.

आणि कांडणाची, जात्याची ओवी? पिठाची गिरणी गावात आली तशी ती घरातून उठत गेली. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन' मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींची खानदेशी बोलीतली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. कागदावर उतरवताना तिथे पहिला प्रश्न पडतो तो मोजणीचाच. जात्यासमोर दोघी बसलेल्या, एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. मध्ये 'बाई', 'सये', 'गं' असे शब्द चालीची भर म्हणून येतात. ते लिहायचे की गाळायचे? लिहिले तर ओळ फुगलेली दिसते. गाळले तर वाचणाऱ्याला ओळ आखूड आणि खडबडीत वाटते, आणि बाईला छंदाचे ज्ञान नव्हते असा निष्कर्ष काढायला तो मोकळा होतो. ध्वनिफीत लावली की कळते, खुंट्याच्या प्रत्येक फेऱ्याला ओळ बिनचूक पुरलेली आहे.